पुण्यातल्या गच्चीवर रेडिओ दुर्बीण: पहिल्या मोजणीपासून पहिल्या ग्राहकापर्यंत

भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, वायरलेस आणि जमलं तर पुढे स्वतःचा उद्योग, या सगळ्यात हात घालायची इच्छा असलेली बरीच मुलं-मुली पुण्यात भेटतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठला कोर्स करू?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी एक गोष्ट स्वतः मोजा. आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनमधून २१ सेंमी तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सतत येत असतात. घरी बनवलेल्या अँटेनाने, सोसायटीच्या गच्चीवरून त्या पकडता येतात. हे काम नीट केलं की अणूचं भौतिकशास्त्र, आकाशगंगेची रचना, अँटेना, ॲम्प्लिफायर आणि सिग्नल प्रोसेसिंग या सगळ्यांशी ओळख होते. शिवाय एक सवय लागते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. कुठलाही आकडा सांगण्याआधी ‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारण्याची सवय.

काय पकडायचं आहे

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांचे स्पिन (कणाचा स्वतःभोवती फिरण्यासारखा गुणधर्म) एकाच दिशेला असतील तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की तेवढी ऊर्जा रेडिओ लहरीच्या रूपात बाहेर पडते, १४२०.४०५७५ मेगाहर्ट्झला. एकट्या अणूला असं उलटायला सरासरी १ कोटीहून जास्त वर्षं लागतात. पण आकाशगंगेत अणूच इतके आहेत की लहर अखंड मिळत राहते.

हेंड्रिक फान द हुल्स्ट या डच शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये हे भाकीत केलं. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये हॅरॉल्ड युअन आणि एडवर्ड पर्सेल यांनी ही लहर प्रत्यक्ष पकडली. त्यांचा अँटेना प्लायवूडचा होता, आतून तांब्याचा पत्रा लावलेला, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेला. पाऊस आला की त्यातून पाणी थेट आत यायचं आणि हिवाळ्यात विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे मारायचे. युअनची खरी करामत मात्र रिसीव्हरमध्ये होती. तो थोड्या थोड्या वेळाने शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर जायचा आणि दोन्हींतला फरक नोंदवायचा. या फरकाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पुण्याला या लहरीचं अगत्य जुनं आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. १४ अँटेना मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात आणि १६ अँटेना इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी तबकड्यांना भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोऱ्यांवर बसवलेली बारीक तारेची जाळी वापरली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. रेडिओ लहर तिच्या लांबीच्या मानाने बारीक छिद्रांतून निसटत नाही, हे एवढं एक तत्त्व त्यामागे आहे. तुमचा अँटेना बनवतानाही तेच कामी येईल.

काय काय लागेल

यादी छोटी आहे. संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, म्हणजे आरटीएल-एसडीआर डोंगल, हायड्रोजनच्या फ्रीक्वेन्सीसाठी बनवलेला फिल्टरसह ॲम्प्लिफायर (याला सगळे एलएनए म्हणतात), केबल, कनेक्टर, पत्र्याचा डबा, थर्माकोल किंवा पुठ्ठ्याचे मोठे शीट आणि स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉईल. डोंगल मुळात टीव्ही पाहण्यासाठी बनला होता. २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं की तो कच्चा सिग्नल थेट संगणकाला देतो, आणि तिथून हे सगळं स्वस्त झालं. घेताना टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रीक्वेन्सी स्थिर ठेवणारा क्रिस्टल असलेलाच घ्या. त्याची फ्रीक्वेन्सी दहा लाखांत एखाद्या भागाने चुकते, म्हणजे हायड्रोजनच्या ढगाचा वेग मोजताना सेकंदाला सुमारे ०.३ किमीची चूक. अगदी साधा डोंगल पन्नास पट जास्त चुकू शकतो, आणि मग वेगाचा आकडा निरर्थक होतो.

डोंगल आणि एलएनए ऑनलाइन मागवावे लागतात. बाकी सगळं तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतं. एसएमए आणि एन कनेक्टर घेताना मापाचा नमुना सोबत न्या. पत्र्याचं काम बोहरी आळीच्या बाजूला विचारलं तर करून देणारे भेटतात.

हॉर्न बनवणं

अँटेनाचे प्रकार खूप आहेत, पण नवख्याने हॉर्नच करावा. जुनी डिश टीव्हीची छत्री मोह घालते, पण २१ सेंमीच्या लहरीसाठी ती फार लहान पडते आणि तिचा फीड (छत्रीसमोर लहर गोळा करणारा भाग) नेमका बसवणं अवघड असतं. हॉर्नमध्ये बिघडण्यासारखं थोडं आणि हिशोबाने आधी सांगता येण्यासारखं पुष्कळ असतं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर काम करताना हॉर्नच वापरले होते.

हॉर्नच्या बुडाशी आयताकृती डबा असतो, त्याला वेव्हगाइड म्हणतात. त्याच्या रुंदीवर सगळं अवलंबून आहे. रुंदी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे १०.६ सेंमीपेक्षा कमी झाली तर लहर आत शिरतच नाही. २१ सेंमीच्या वर गेली तर ती एकाहून जास्त प्रकारे आत पसरायला लागते आणि हिशोब बिघडतो. म्हणून १५ ते १८ सेंमी रुंद आणि ८ ते १० सेंमी उंच डबा शोधा. तेलाचा १५ लिटरचा चौकोनी डबा इथे चालत नाही, तो फार रुंद असतो. मनाजोगता डबा न मिळाल्यास पत्रा वाकवून घ्या.

समजा रुंदी १६.५ सेंमी मिळाली. डब्याच्या आत लहरीची लांबी वाढते. २१.१ ला रुंदीच्या दुपटीने, म्हणजे ३३ ने भागा: ०.६४. त्याचा वर्ग ०.४१. एकातून वजा केला की ०.५९, त्याचं वर्गमूळ ०.७७. २१.१ भागिले ०.७७, म्हणजे सुमारे २७.४ सेंमी. हिचा चौथा भाग ६.९ सेंमी. डब्याच्या बंद टोकापासून बरोबर एवढ्या अंतरावर, रुंद बाजूच्या मधोमध भोक पाडायचं आणि कनेक्टर बसवायचा. कनेक्टरच्या मधल्या पिनला तांब्याची जाड तार डाग द्यायची (सोल्डर करायची), डब्याच्या आत ५.१ ते ५.३ सेंमी राहील एवढी. तार आधी साडेपाच सेंमी ठेवा आणि नंतर कानशीने अर्धा-अर्धा मिलिमीटर कमी करा, कारण कापलेली तार वाढवता येत नाही. डाग चमकदार आणि गुळगुळीत दिसला पाहिजे. राखाडी, खरखरीत दिसला तर पुन्हा तापवा. कनेक्टरच्या बुडाचा पत्र्याशी चारही स्क्रूंनी घट्ट संपर्क हवा, आणि त्या जागेवरचा रंग किंवा लॅकर पॉलिश पेपरने घासून काढलेला हवा. दुर्बीण ‘चालत नाही’ म्हणून घेऊन येणाऱ्यांच्या डब्यात मी पहिल्यांदा बघतो ते हेच चार स्क्रू.

डब्याच्या उघड्या तोंडाला फॉईल चिकटवलेल्या शीटचे चार पंख लावायचे, पुढचं तोंड साधारण ७५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच. सांध्यांवर फॉईलची टेप लावा, फॉईल डब्याच्या पत्र्याला टेकलेली असू द्या. असा हॉर्न आकाशाचा सुमारे २० अंशांचा पट्टा पाहतो. हात लांब करून दोन मुठी शेजारी धरल्या तर जेवढं आकाश झाकलं जाईल तेवढा.

एलएनए कनेक्टरलाच लावा, मधे केबल नको. हे फार महत्त्वाचं आहे. ॲम्प्लिफायरच्या आधी १ डेसिबल जरी सिग्नल वाया गेला तरी त्या वायाबरोबर सुमारे ७५ केल्विनचा गोंगाट आत येतो (रेडिओत गोंगाट तापमानाच्या एककात मोजतात). पातळ केबलचा दीड-दोन मीटरचा तुकडा तेवढा सहज खातो. एलएनएनंतर मात्र केबल टीव्हीची साधी केबलही चालून जाते, कारण तोवर सिग्नल मोठा झालेला असतो.

आकाशाआधी झाड

नवखा माणूस यंत्र जोडलं की लगेच आकाशाकडे वळवतो आणि काही दिसलं नाही की निराश होतो. आधी रिसीव्हर जिवंत आहे का ते बघा. सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमॅटिक गेन (सिग्नल किती वाढवायचा ते आपोआप ठरवणारी सोय) बंद करा. तो चालू असेल तर तुम्ही जे मोजायला निघालात तेच तो सपाट करून टाकतो. गेन एका आकड्यावर ठेवा आणि तो वहीत लिहा. मधली फ्रीक्वेन्सी १४२०.० मेगाहर्ट्झ ठेवा. डोंगलच्या आलेखात मधोमध त्याची स्वतःची एक खोटी रेघ उमटते, ती मग हायड्रोजनच्या रेघेवर येत नाही.

आता हॉर्न दाट झाडाकडे किंवा मातीच्या जमिनीकडे वळवा. त्या वस्तू साधारण ३०० केल्विनच्या आहेत आणि रेडिओतही तेवढ्याच ‘उजळ’ असतात. नंतर हॉर्न सरळ वर करा. आकाश सुमारे १० केल्विन धरा. दोन्ही वेळची पॉवर नोंदवा आणि भागाकार करा. डेसिबलमध्ये फरक ४.८ आला म्हणजे गुणोत्तर ३. गणित मांडा: ३०० अधिक टी, बरोबर १० अधिक टी याच्या तिप्पट. टी येतो १३५ केल्विन. हा तुमच्या रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट. घरगुती यंत्रासाठी हा आकडा उत्तम. गुणोत्तर दीडच्या खाली असेल तर आकाशाच्या नादी लागू नका, आधी डाग, स्क्रू आणि एलएनएचा वीजपुरवठा तपासा.

एवढं केल्यावर हिशोबाची एक गोष्ट समजते. १० किलोहर्ट्झच्या कप्प्यात १०० सेकंद सरासरी घेतली तर नमुने होतात दहा लाख, त्याचं वर्गमूळ हजार. आकाशाकडे बघताना एकूण गोंगाट १४५ केल्विन असेल, तर सरासरीतली थरथर ०.१५ केल्विन उरते. हायड्रोजनचा सिग्नल त्याच्या शंभरपट मोठा असू शकतो. थोडक्यात, दोन मिनिटांत रेघ दिसायला हवी. तरीही अनेकांना रात्रभर बसून दिसत नाही. कारण पुढे आहे.

कोरं आकाश

डोंगल आणि फिल्टर मिळून स्पेक्ट्रमला (फ्रीक्वेन्सीनुसार पॉवरच्या आलेखाला) स्वतःचा एक आकार देतात: मधे फुगीर, कडेला उतरता, अधूनमधून लाटा. हायड्रोजनचा उंचवटा या आकाराच्या दहा-वीस टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यातच लपतो. त्याला वेगळं काढायचं तर हायड्रोजन जवळपास नसलेल्या आकाशाचा स्पेक्ट्रम हवा, म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागता येईल. युअनने शेजारच्या फ्रीक्वेन्सीशी तुलना केली ती याचसाठी. १९६४-६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना विश्वाच्या जन्मकाळचं प्रारण सापडलं तेही याच शिस्तीमुळे. त्यांनी अँटेनाची तुलना द्रव हेलियमने थंड केलेल्या, तापमान पक्कं माहीत असलेल्या भाराशी (अँटेनाच्या जागी जोडायच्या, ठरावीक गोंगाट देणाऱ्या भागाशी) केली होती. म्हणून उरलेले तीन-साडेतीन केल्विन ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून देता आले नाहीत.

पुण्याचं अक्षांश साडेअठरा अंश. हंस तारकासमूहातली आकाशगंगा आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे साधारण २१ अंशांवरून जाते. हॉर्न तिथे रोखा आणि बांधून टाका. नंतर अजिबात हलवू नका. पृथ्वी फिरते, आकाश तासाला १५ अंश सरकतं, आणि त्याच हॉर्नसमोर आधी कोरं आकाश येतं, मग आकाशगंगा. उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्या मधोमध, थोडं उत्तरेला, आकाशगंगेचा उत्तर ध्रुव आहे. तिकडे हायड्रोजन सर्वांत विरळ. एप्रिलअखेरीस रात्री ११ च्या सुमारास तो भाग हॉर्नसमोर असतो आणि सकाळी पावणेसातच्या आसपास हंस येतो. उजाडलं तरी बिघडत नाही, रेडिओला दिवस-रात्र नाही आणि ढगही आड येत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यावर हंस संध्याकाळी पावणेआठलाच समोर असतो, कोरं आकाश मात्र भर दुपारी १२ ला. पावसाळ्यात लहर येतेच, पण फॉईल आणि एलएनए भिजतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर सॉफ्टवेअर शिकण्यात घालवा.

हॉर्न हलवून दोन दिशांची तुलना करणारे पुष्कळ असतात. हॉर्न कलला की शेजारच्या इमारतीची, टाकीची, कठड्याची उष्णता वेगळ्या प्रमाणात आत येते आणि स्पेक्ट्रमवर नव्या लाटा उमटतात. मग त्या लाटांनाच हायड्रोजन समजून आनंद होतो. स्थिर हॉर्नने हा प्रश्नच काढून टाकला. तापमानाचा प्रश्न उरतो: गच्ची तापते, निवते, एलएनएचा गेन सरकतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स सावलीत ठेवा आणि भागाकारानंतर रेघेच्या दोन्ही बाजूंचा रिकामा भाग १ वर आणून बसवा.

मोबाईल टॉवर समोरच असेल तर आणखी एक अडचण. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथे कोणी प्रक्षेपण करत नाही. पण शेजारच्या पट्ट्यांतला दणदणीत सिग्नल एलएनएला गुदमरवतो. टॉवरकडे वळवताच सगळीच पातळी एकदम बदलली तर हेच झालंय असं समजा आणि गच्ची बदला. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि लॅपटॉपही त्रास देतात. लॅपटॉप जिन्यात ठेवा.

उंचवट्यातून वेग

भागाकार करून आलेख काढला की हंसाच्या दिशेला बहुधा एकाऐवजी दोन-तीन उंचवटे दिसतील. ते आकाशगंगेच्या वेगवेगळ्या भुजांतले ढग आहेत आणि प्रत्येकाचा आपल्या दिशेचा वेग वेगळा. सेकंदाला १ किमी वेग म्हणजे ४.७४ किलोहर्ट्झ सरक, हे गुणोत्तर पाठच करा. फ्रीक्वेन्सी वाढली तर ढग आपल्याकडे येतोय. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी वेगाने धावते, त्यामुळे तारखेनुसार सुधारणा करावी लागते. पायथॉनच्या ॲस्ट्रोपाय लायब्ररीत ती सोय आहे.

मग काम वाढवा. तीन महिन्यांनी तोच प्रयोग पुन्हा करा आणि पृथ्वीच्या वेगामुळे रेघ किती सरकली ते बघा. गच्चीवरून पृथ्वीची सूर्याभोवतीची गती मोजणं ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

वही कागदाची ठेवा. तारीख, वेळ, गेन, दिशा, हवा, कुठला दिवा चालू होता. कच्चा डेटा पुसू नका.

कोणाला दाखवायचं

निकाल हातात आला की लोकांकडे जा. पुण्याइतकी सोय देशात क्वचितच आहे. विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी संस्था) आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्था शेजारी-शेजारी आहेत, आणि दोघांनी मिळून चालवलेली रेडिओ फिजिक्स लॅब नेमकी अशाच प्रयोगांसाठी आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी तिथे हिवाळी शाळा भरते. दोन्ही संस्थांचे सुट्टीतले संशोधन कार्यक्रमही असतात. अर्ज करताना ‘मला खगोलशास्त्राची आवड आहे’ या वाक्याऐवजी तुमचा आलेख आणि १३५ केल्विनचा आकडा पाठवा. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांची आहे. तिथे आकाश ओळखायला शिका. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरतं. शाळेतली मुलं घेऊन जाच. जीएमआरटीचा जुना डेटा ऑनलाइन खुला आहे, तुमच्या हॉर्नला जे दिसत नाही ते त्यात शोधता येतं.

उद्योगाकडे

ऑस्ट्रेलियात जॉन ओसुलिव्हन आणि सहकारी फुटणाऱ्या लहान कृष्णविवरांचे रेडिओ स्पंद शोधत होते. ते सापडले नाहीत. पण विस्कटलेला सिग्नल गणिताने सावरण्याचं त्यांचं कसब १९९० च्या दशकात खोलीतल्या भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनींवर वापरलं गेलं आणि वाय-फायच्या एका महत्त्वाच्या पेटंटमध्ये उतरलं. त्यांच्या सीएसआयआरओ या संस्थेला त्यातून ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त मिळाले.

तुमच्याकडे आलेलं कसबही विकाऊ आहे. चाकण-भोसरीच्या शेडमध्ये वायरलेस सेन्सर का तुटतो, नारायणगावच्या द्राक्षबागेत जमिनीचा ओलावा सांगणारं यंत्र विहिरीपलीकडे का पोचत नाही, हे प्रश्न गोंगाट, फिल्टर आणि अँटेनाचेच आहेत. वस्तू बनवण्याआधी अशा लोकांकडे जाऊन मोजमाप करून द्या, पैसे घेऊन. पैसे देऊन घेतलेल्या एका मोजणीतून ग्राहकाची खरी गरज जितकी कळते तितकी दहा बैठकांतून कळत नाही. ‘आमचा अँटेना दुप्पट चांगला’ म्हणू नका. कोणत्या अँटेनापेक्षा, किती अंतरावर, कोणत्या हवेत, ते लिहून द्या. खोडदच्या परिसरात काही बसवायचं असेल तर आधी वेधशाळेशी बोला, कारण तुमचा छोटा ट्रान्समीटर तिथल्या अँटेनांना फार मोठा असतो.

नमुना बनवायला पैसे लागले तर केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पाषाण रस्त्यावर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) इनोव्हेशन पार्कमधलं व्हेंचर सेंटर विज्ञानातून उद्योग करणाऱ्यांसाठीच आहे.

दोन कागद वेळेत करा. नवी कल्पना असेल तर पोस्टर, प्रदर्शन किंवा व्हिडिओच्या आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज भरा. व्यक्ती किंवा स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आधी जाहीर केलं तर नावीन्य संपलं असं धरलं जातं. दुसरा कागद यंत्र प्रक्षेपण करत असेल तर लागतो. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक पॉवरच्या आत परवान्याविना वापरता येतो, पण विकण्याच्या यंत्राला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेकडून ईटीए, म्हणजे उपकरणाचं मंजुरीपत्र घ्यावं लागतं. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. त्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडावा लागतो, तेव्हा बॉक्सचं डिझाइन पक्कं होईपर्यंत ती चाचणी करून घेऊ नका.